फोन कुणाकडे जायला हवा?

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. विचारणाऱ्यांना मी एकच उत्तर देत होतो, "ताईकडचा फोन लावतोय." त्यामुळे पुण्यातल्या दोघातिघांचा समज असा झाला की मी ताईला फोन लावतोय आणि तो तीन आठवडे लागतच नाहीये. तर मंडळी, तसं नाही. ताईच्या हॉस्पिटलात फोनचं नवीन एक्स्चेंज बसवत होतो. सुट्टीच्या दिवशी पुणे-सातारा रस्त्यावर आणि बाकीच्या दिवशी रात्री कॉम्प्युटरसमोर.

(नातेवाईकांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. त्यांना सगळं पाठ आहे.)

ताई बाळंतपणाची डॉक्टर, दाजी लहान मुलांचे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, खाली हॉस्पिटल आणि वर घर. यंदा वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि जुना इंटरकॉम गेला. भिंतीवरचं ते पांढरं खोकं अठरा वर्षं बिचारं गुमान काम करत होतं. त्याच सुमाराला रिसेप्शनवरच्या काकूंनी सांगितलं की जूनअखेर त्या काम थांबवणार, गुडघे साथ देत नाहीत. काकू सव्वीस वर्षं त्या टेबलामागे बसल्या. म्हणजे एका महिन्यात दोन एक्स्चेंज गेली म्हणायची, आणि त्यातलं मोठं कुठलं हे मला काम सुरू केल्यावर कळलं.

पांढऱ्या खोक्याला पर्याय सोपा होता. ॲस्टेरिस्क नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःची छोटी कंपनी काढली. टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणं परवडेना, म्हणून पठ्ठ्याने ते स्वतःच लिहून काढलं आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं. साध्या लहानशा कॉम्प्युटरवर ते चालतं. टेलिफोनची तार एका डबीत जाते, डबी त्या आवाजाचं नेटवर्कवरून जाणाऱ्या पाकिटांत रूपांतर करते आणि पुढचं सगळं ॲस्टेरिस्क बघतं. रिसेप्शन, लेबर रूम, मेडिकल, दोन्ही ओपीडी, वॉर्ड आणि वरचं घर असे सात फोन. जोडाजोडी दोन दिवसांत झाली.

मग खरं काम आलं. त्याला डायलप्लॅन म्हणतात. आलेला फोन कुणाकडे जाणार, किती सेकंद वाजणार, उचलला नाही तर पुढे काय, हे एकेक ओळ लिहून यंत्राला सांगायचं. प्रत्येक नंबरासमोर पायऱ्या. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. नंबरांचे साचेही असतात. एक्स म्हणजे ० ते ९ मधला कुठलाही अंक, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९. आपला मोबाइल नंबर ओळखायचा तर पहिला अंक ६ ते ९ मधला आणि त्यापुढे नऊ एक्स. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतो. सिस्टर बायांना तो लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा यंत्रानेच तो जोडावा, अशी एक ओळ. असं लिहीत गेलं की मजा येते.

मजा संपते ती "आलेला फोन आधी कुणाकडे" या ओळीपाशी. तिथे सॉफ्टवेअर काही सांगत नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

म्हणून काकूंच्या टेबलाशी स्टूल टाकून बसलो. म्हटलं, काकू, फोन आला की तुम्ही काय करता ते सांगा, मी लिहून घेतो. त्या म्हणाल्या, "काय करणार? उचलते."

हळूहळू निघत गेलं. काकूंच्या मते फोन सात प्रकारचे असतात. नंबर लावायचा असलेले, रिपोर्ट आला का विचारणारे, बिलाचे आणि विम्याचे, औषध कंपन्यांचे एमआर, ॲडमिट पेशंटचे नातेवाईक, दिवस भरलेल्या बायकांच्या घरचे, आणि सातवे म्हणजे काहीच न बोलणारे.

"काहीच न बोलणारे?"

"घाबरलेले असतात हो दादा. हॅलो म्हणतात आणि गप्प. आपण ठेवला की गेले. मग दुसरीकडं लावतात, नाहीतर कुठंच लावत नाहीत."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "माणूस काय बोलतो ते नंतर. आधी मागं काय ऐकू येतंय ते ऐकायचं. मागं टीव्ही चालू असला तर वेळ आहे. गाडीचा आवाज असला तर निघालेत. मागं कुणी म्हातारी ओरडून सांगत असली, तर आधी सिस्टरला हाक मारायची आणि मग बोलायचं."

यासाठी डायलप्लॅनमध्ये ओळ नाही.

इथे मला स्ट्रोजर आठवला. आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा, अंत्यविधीची व्यवस्था करून देणे हा त्याचा धंदा. त्या काळी फोन लावायचा तर ऑपरेटर बाईला सांगायचं, ती तार जोडून द्यायची. गोष्ट अशी सांगतात की त्याच्या गावातली ऑपरेटर ही त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती, आणि मयताच्या घरून स्ट्रोजरसाठी आलेला फोन ती नवऱ्याकडे जोडायची. गोष्ट किती खरी ते असो, पण बाई मध्ये नकोच म्हणून त्याने आपोआप जोडणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली घेतलं हे नक्की. १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्त गावात तसं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. आज आपण नंबर दाबतो आणि फोन लागतो, त्याची सुरुवात ही अशी एका संशयातून झाली. ऑपरेटर पक्षपात करते, यंत्र करत नाही.

आणि मी इथे नेमकं उलट करू पाहत होतो. काकूही पक्षपातच करत होत्या. एमआरला दहा मिनिटं ताटकळत ठेवायच्या आणि वाडीवरून आलेला फोन आधी घ्यायच्या. स्ट्रोजरने जो पक्षपात यंत्रातून काढला, तो मला परत आत घालायचा होता, योग्य माणसाच्या बाजूने.

पहिला वाद दाजींशी झाला. दाजींना मोठ्या हॉस्पिटलासारखा मेनू हवा होता. स्वागताचं वाक्य, थोडं संगीत, मग नंबर लावण्यासाठी १ दाबा, रिपोर्टसाठी २ दाबा, आणि सगळ्यात शेवटी तातडीच्या मदतीसाठी ५ दाबा. बहुतेक ठिकाणी असाच असतो. पण तो ऐकताना मला काकूंचा सातवा प्रकार दिसत होता. जो "हॅलो"च्या पुढे बोलू शकत नाही, तो चार पर्याय ऐकून पाचवं बटण कसा दाबणार?

ॲस्टेरिस्कमध्ये दोन खास ओळी असतात. एक, समोरच्याने काहीच दाबलं नाही तर काय करायचं. दुसरी, भलतंच दाबलं तर काय करायचं. मेनू लिहिणारे बहुधा या दोन ओळींत "कृपया पुन्हा प्रयत्न करा" असं टाकून मोकळे होतात. आम्ही तिथे लेबर रूम टाकली. आता दिवसा फोन केला की एकच वाक्य ऐकू येतं, "नंबर लावायचा असेल तर १ दाबा, रिपोर्ट किंवा बिलासाठी २ दाबा, पेशंट अडचणीत असेल तर काही दाबू नका, थांबा." तीन सेकंद शांतता, आणि फोन लेबर रूममध्ये वाजतो. भलतंसलतं दाबलं तरी तिथेच. ज्याला सवड आहे त्याने बटण दाबण्याचे कष्ट घ्यावेत. जो गोंधळलाय त्याच्याकडून काहीही मागायचं नाही.

ते वाक्य काकूंच्याच आवाजात आहे. रेकॉर्ड करून ऐकवलं तर म्हणाल्या, "हा माझा आवाज? एवढी रागीट वाटते मी?" दाजी म्हणाले, "फोनवर थोडी कमी वाटता."

दुसरी गोष्ट काकूंच्या वहीची. नववा महिना लागलेल्या बायकांचे फोन नंबर त्या एका वहीत लिहून ठेवायच्या, मागच्या पानापासून. ॲस्टेरिस्कला अशी यादी देता येते. यादीतल्या नंबरावरून फोन आला तर मेनू न ऐकवता सरळ लेबर रूम. मला स्क्रीनवर पेशंटचं नावही दाखवायचं होतं, पण ताईने ते मोडून काढलं. "त्या फोनच्या स्क्रीनकडे येता-जाता चार माणसं बघतात. कोणाला कितवा महिना आहे ते गावाला कशाला कळायला हवं?" म्हणून स्क्रीनवर फक्त ९ हा आकडा येतो. काकूंना यादी पटली, पण त्यांनी इशारा दिला, "दादा, ऐनवेळी फोन नवऱ्याच्या मोबाइलवरनं येत नाही. शेजाऱ्याच्या, नाहीतर जीपवाल्याच्या मोबाइलवरनं येतो." म्हणजे यादी मदतीला, तिच्यावर भिस्त नाही.

तिसरा प्रश्न लायनी किती. आधी येणाऱ्या फोनसाठी एकच होती. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. १९१७ साली त्याने एक सूत्र मांडलं, ते आजही वापरतात. ताईकडे सकाळी गर्दीच्या तासात दहा फोन येतात, प्रत्येकी सरासरी तीन मिनिटं. म्हणजे तासातली अर्धा तास लाइन बोलण्यात. सूत्राप्रमाणे एकच लाइन असेल तर शंभरातल्या तेहतीस जणांना एंगेज मिळणार. दोन असतील तर साधारण आठ जणांना. तीन असतील तर एकालाच. हे आकडे कागदावर मांडले तेव्हा दाजींनी वाढीव लायनींचा खर्च लगेच मान्य केला. दोन लायनी येणाऱ्या फोनसाठी, आणि तिसरी फक्त बाहेर लावण्यासाठी राखून ठेवली. गर्दीच्या तासातही हॉस्पिटलातून बाहेर फोन लागलाच पाहिजे.

बाहेर लावण्याबद्दल एक सांगतो, कारण ऑफिसात फोन बसवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं वाटतं. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावी एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट नावाच्या बाईवर तिच्या नवऱ्याने हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ लावला. चार वेळा लावला. लागला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागायचा. पोरीने शाळेत शिकवलं होतं तेच बरोबर केलं होतं. तिची आई वाचली नाही. पुढे अमेरिकेत कारीच्या नावाने कायदा झाला. २०१८ साली त्यावर सही झाली आणि १६ फेब्रुवारी २०२० पासून तो लागू झाला. अशा यंत्रणांमध्ये ९११ थेट लागलाच पाहिजे, आधी कुठलाही अंक दाबायला लावायचा नाही.

कुणीतरी कधीतरी सोयीसाठी लिहिलेली एक ओळ. ताईकडे मी सगळ्यात आधी ११२ आणि १०८ च्या ओळी लिहिल्या, सातही फोनवर, पुढे-मागे काही न लावता. सवयीने कुणी आधी शून्य दाबला तरीही लागेल अशा.

डबीची एक गंमत झाली. पलीकडच्याने फोन ठेवला तरी लाइन मोकळी होईना. डबी परदेशी, तिला आपला एंगेज टोन ओळखू येत नव्हता. आपल्याकडचा टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद गप्प. ते तिला समजावून दिलं, मग तिला कळलं की माणूस गेला.

आता रात्र. सगळ्यात जास्त वेळ रात्रीच्या पाच-सहा ओळींना लागला.

आजवर रात्री रिसेप्शनचा फोन वॉर्डात वाजायचा. सिस्टर उचलायची, आणि शंका असली तर काकूंना घरी फोन करायची. हे मला या वेळी कळलं. ताईलाही माहीत नव्हतं. काकू अंथरुणातून सांगायच्या, "मॅडमना उठव," किंवा "सकाळी सातला या म्हणावं." सव्वीस वर्षं ताईची झोप कुणीतरी राखत होतं. आणि त्याचबरोबर, कधी मोडायची हेही ठरवत होतं.

ताई आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. बीपीची गोळी चालू आहे. दाजी म्हणाले, रात्रीचा फोन वर वाजवूच नकोस. ताई म्हणाली, सरळ माझ्याच उशाशी वाजव, मी आहे कशाला? दोघांचं बोलणं एकाच वेळी चालू होतं आणि मी मधे लॅपटॉप घेऊन बसलो होतो. एका ओळीत आकडा घालायचा होता, किती सेकंदांनी वरचा फोन वाजवायचा. पंधरा की चाळीस? त्या फरकात एकीकडे माझी बहीण होती आणि दुसरीकडे कुणीतरी अनोळखी बाई, जिचा फोन अजून यायचा होता.

शेवटी असं ठरलं. रात्री मेनू नाही, रेकॉर्डिंग नाही. फोन आला की पहिल्या रिंगपासून लेबर रूम आणि वॉर्ड दोन्हीकडे एकदम वाजणार. वीस सेकंदांत कुणी उचललं नाही तर वर ताईकडे. उचललं, तर ताईला उठवायचं की नाही ते सिस्टर ठरवणार, आणि त्यासाठी तिच्या फोनवर एकच बटण. यंत्राने फक्त लवकरात लवकर एका जाग्या माणसापर्यंत पोचवायचं. पुढचं ऐकणं माणसाचं. जूनचे शेवटचे दोन आठवडे काकूंनी दोन्ही सिस्टरना शेजारी बसवून घेतलं. मागचा टीव्ही, मागची जीप, मागची म्हातारी, सगळं शिकवलं. ते एक्स्चेंज त्यांनीच बदललं, माझा त्यात काही वाटा नाही.

ॲस्टेरिस्कची एक बारीक गोष्ट मला फार आवडली. फोन लागला नाही तर का लागला नाही, हे ते वेगवेगळं सांगतं. समोरचा दुसऱ्याशी बोलतोय, वाजतोय पण कुणी उचलत नाही, किंवा तिकडचा फोनच बंद आहे. आपण तिन्हीला "लागत नाही" म्हणतो आणि सोडून देतो. पण तिन्हींवरचा उपाय वेगळा. बोलत असेल तर थांबावं, उचलत नसेल तर दुसऱ्याला लावावं, बंद असेल तर कुणाला तरी तिकडे पाठवावं.

आणि योजनेतल्या ओळी संपल्या की ॲस्टेरिस्क फोन ठेवून देतं. तुम्ही पुढची पायरी लिहिली नाही म्हणजे तुम्हाला काही म्हणायचं नाही, असं ते समजतं. म्हणून आमच्या योजनेत शेवटची ओळ अशी आहे की ताईनेही उचलला नाही तर हॉस्पिटलातले सगळे फोन एकदम वाजवायचे, अगदी बंद मेडिकलमधलासुद्धा, आणि कुणी उचलेपर्यंत किंवा समोरचा ठेवेपर्यंत तेच पुन्हा. परवा रात्री अडीच वाजता करून बघितलं. वॉचमन मेडिकलचं शटर वाजवत उभा राहिला. चालेल. तोही जागा माणूसच.

हे सगळं करून परत आलो आणि वाटलं, आपल्या घरांमध्ये हे कुणी लिहिलंय का? आपले आई-वडील, काका-काकू, मावश्या गावाकडे एकटे राहतात. त्यांच्या मोबाइलमध्ये पहिला नंबर आपला असतो. आपण मीटिंगमध्ये असतो, किंवा अमेरिकेत झोपलेले असतो. मग दुसरा कुणाचा? तिसरा? त्या तिसऱ्याला माहीत आहे का, की तो तिसरा आहे?

मी या रविवारी आईच्या फोनशेजारी कागद चिकटवला. चार नंबर, क्रमाने, मोठ्या अक्षरात. चौथा समोरच्या किराणा दुकानदाराचा. त्याला आधी जाऊन विचारून आलो. तो म्हणाला, "त्यात विचारायचं काय? दुकान रात्री दहाला बंद होतं, पण मी वरच झोपतो."